चौकट आधी ठरवा, क्लिप नंतर ओढा



आडव्या फुटेजचं, म्हणजे १६:९ च्या रुंद चित्राचं एडिटिंग कसं करायचं, कुठलं बटण कुठे असतं, हे व्हिडिओत दाखवलंच आहे. इथे त्यामागच्या निर्णयाबद्दल बोलू. बटण चुकलं तर 'अनडू' करता येतं. चौकट चुकली तर पुन्हा शूट करावं लागतं. आणि पुन्हा शूट म्हणजे पुन्हा दुकान आवरणं, पुन्हा माल मांडणं, पुन्हा अर्धा दिवस गिऱ्हाईक सोडून कॅमेऱ्यासमोर उभं राहणं.

माझं मत आधीच सांगतो. ज्याचा धंदा समजावून सांगण्यावर चालतो, अशा लहान उद्योजकाने आपलं मुख्य शूटिंग आजही आडवंच करावं. शक्य असेल तर ४के मध्ये करावं आणि उभे व्हिडिओ त्यातून कापून काढावेत. "आडव्याचा जमाना गेला, आता फक्त उभंच शूट करा" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. मला तो अर्धवट वाटतो. का, ते हिशेबाने दाखवतो. तुम्हाला पटलं नाही तर व्हिडिओखाली जरूर लिहा.

आधी चार आकडे

आपल्या कामात नेहमी लागणाऱ्या चौकटी चारच. आडवी चौकट १६:९, फुल एचडीमध्ये १९२० × १०८० पिक्सेल. उभी ९:१६, म्हणजे १०८० × १९२०. चौरस १:१, म्हणजे १०८० × १०८०. आणि जुन्या टीव्हीची, जुन्या कॅसेटची ४:३. ४के म्हणजे ३८४० × २१६०; फुल एचडीच्या रुंदीलाही दुप्पट आणि उंचीलाही दुप्पट, म्हणून एकूण पिक्सेल चौपट.

हे चार आकडे एका कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या वर चिकटवा. पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावरच आहे.

ताणलेलं चित्र म्हणजे खोटं माप

सर्वात आधी सर्वात वाईट सवयीबद्दल. क्लिप चौकटीत बसत नाही, बाजूला काळं दिसतंय, मग काय करायचं? कोपरा धरायचा आणि ओढायचा. काळं गेलं, चौकट भरली, काम झालं.

काम झालं नाही हो, काम बिघडलं. ४:३ चं चित्र ताणून १६:९ मध्ये भरलं की प्रत्येक वस्तू एक तृतीयांशाने रुंद होते. म्हणजे नऊ इंचांची गोल भाकरी पडद्यावर बारा इंच रुंद आणि नऊ इंच उंच दिसते. आता तुम्ही भाकरी विकत नसाल, चपला विकत असाल. कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन घेणारा माणूस पंजा किती रुंद आहे ते डोळ्यांनीच मोजतो. बांगडी घेणारी बाई तिचा गोल बघते. कपाट घेणारा त्याची उंची-रुंदी बघून "आपल्या भिंतीला बसेल का" ते ठरवतो. तुमच्या व्हिडिओतलं माप चुकीचं असेल, तर पार्सल उघडल्यावर तो म्हणणार, "दाखवलं एक, पाठवलं एक." तुम्ही फसवलेलं नसतं, एका कोपऱ्याला धरून ओढलेलं असतं एवढंच. पण परत आलेलं पार्सल आणि गेलेला विश्वास तुमच्याच खात्यावर पडतो.

वजनकाट्यावर बोट ठेवणाऱ्या दुकानदाराला आपण काय म्हणतो? चित्र ताणणं हे व्हिडिओतलं काट्यावरचं बोट आहे, हेतू कितीही साफ असला तरी.

यावर एक साधी युक्ती आहे. शूटिंगच्या सुरुवातीला एखादी गोल वस्तू कॅमेऱ्यासमोर सरळ धरा. स्टीलची ताटली चालेल, दहा रुपयांचं नाणं चालेल. ही क्लिप फक्त स्वतःसाठी. एडिटिंग संपलं की ती त्याच टाइमलाइनवर टाकून बघा. ताटली गोल दिसली तर माप बरोबर. अंडाकृती दिसली तर थांबा, एक्स्पोर्ट करू नका.

लग्नाच्या, मुंजीच्या जुन्या कॅसेट डिजिटल करून देण्याचा धंदा करणाऱ्यांनी इथे जास्त लक्ष द्यावं. आपल्याकडच्या पॅल पद्धतीच्या डीव्ही टेपमध्ये ४:३ चं चित्र ७२० × ५७६ पिक्सेलचं असतं आणि १६:९ चं चित्रही ७२० × ५७६ चंच असतं. फरक पिक्सेलच्या आकारात असतो. रुंद चित्रात एकेक पिक्सेलच रुंद धरायचा असतो. हे सॉफ्टवेअरला कळलं नाही तर माणसं एकतर सडपातळ दिसतात नाहीतर फुगलेली. अशा वेळी कोपरा ओढू नका. दाविंची रिझॉल्व्हमध्ये क्लिप ॲट्रिब्युट्स आणि प्रीमिअर प्रोमध्ये इंटरप्रिट फुटेज उघडा आणि पिक्सेल आस्पेक्ट रेशो बरोबर निवडा. चित्र मुळात ४:३ असेल तर १९२० च्या चौकटीत ते १४४० पिक्सेल रुंद बसेल आणि दोन्ही बाजूंना २४०-२४० पिक्सेल काळं राहील. राहू द्या. कुणाची तरी आजी त्या चित्रात आहे, तिला जाड करून चौकट भरण्यात काय शहाणपण?

आडवं का, ते हिशेबाने

आता मुख्य वाद. "लोक मोबाइल उभा धरतात, मग व्हिडिओ उभाच हवा." यातला पहिला भाग खरा आहे. साडेसहा इंची मोबाइल उभा धरला तर आडवा व्हिडिओ त्यावर साधारण सात सेंटिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटरहून कमी उंच दिसतो. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, बस्स. उभा व्हिडिओ मात्र जवळजवळ पूर्ण पडदा भरतो. म्हणून पहिल्या ओळखीसाठी उभा व्हिडिओ चांगला, यात मला शंका नाही.

पण ओळख झाल्यावर काय? समजा तुम्ही येवल्यात पैठणी विकता. पदर दोन हातांत पसरून धरला की तो आडवा असतो. त्यावरचे मोर, काठाची नक्षी, पदर आणि काठ कुठे मिळतात ते, हे सगळं उभ्या चौकटीत एका वेळी बसत नाही. कॅमेरा इकडून तिकडे फिरवत बसावं लागतं. शिलाई मशीन दुरुस्त करायला शिकवणारा, ठिबकची नळी जोडून दाखवणारा, पापड लाटण्यापासून वाळवण्यापर्यंतची मांडणी दाखवणारा, या सगळ्यांना डावा हात, उजवा हात आणि मधली वस्तू एका चौकटीत लागते. ज्याला खरोखर घ्यायचंय तो मोबाइल आडवा करून बघतो आणि तेव्हा तेच चित्र बारा सेंटिमीटर रुंद होतं. आणि घरच्या टीव्हीवर बघणारे? टीव्ही काही कुणी उभा करत नाही.

धंद्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. १५ ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूबवर तीन मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौरस व्हिडिओ शॉर्ट्समध्ये जातो. आणि शॉर्ट्सच्या वर्णनातल्या लिंक ३१ ऑगस्ट २०२३ पासून दाबल्या जात नाहीत. म्हणजे तुम्ही अडीच मिनिटांत माल छान समजावून सांगितला, खाली ऑर्डरची लिंक दिली, पण व्हिडिओ उभा होता म्हणून ती लिंक नुसती अक्षरं होऊन बसली. तोच व्हिडिओ आडवा असता तर तो साधा व्हिडिओ राहिला असता आणि चॅनेलचं व्हेरिफिकेशन झालेलं असेल तर लिंक चालली असती. शॉर्ट हा दारावरचा बोर्ड आहे. सौदा आत, गादीवर होतो. बोर्ड झकास आणि दुकानात बसायला जागा नाही, असं करून कसं चालेल?

मग उभे व्हिडिओ कुठून आणायचे?

आडव्यातून. पण इथेही आधी हिशेब करा. फुल एचडीच्या आडव्या चित्रातून पूर्ण उंचीचा उभा तुकडा कापला तर तो जेमतेम ६०८ पिक्सेल रुंद निघतो. उभ्या व्हिडिओला १०८० हवेत. म्हणजे चित्र पावणेदोन पटींहून जास्त फुगवावं लागतं, आणि जरीची तार, अक्षरं, चेहरा सगळं पुसट होतं. तोच तुकडा ४के मधून कापला तर १२१५ पिक्सेल रुंद मिळतो. १०८० ची गरज भागून वर थोडं शिल्लक. म्हणून मी ४के वर अडून बसतो. यूट्यूबवर ४के दाखवून मिरवायचं आहे म्हणून नाही. एका शूटिंगमधून दोन चौकटी निघतात म्हणून.

"पण सर, ४के ला जागा फार लागते." लागते. आयफोनवर हाय एफिशियन्सी प्रकारात ३० फ्रेमला मिनिटाला साधारण १७० एमबी जातात, तर फुल एचडीला ६० च्या आसपास. म्हणजे जवळजवळ तिप्पट. म्हणून सगळं ४के मध्ये करू नका. ज्यातून उभा तुकडा निघणार आहे तेवढंच करा. आणि कॉम्प्युटर दमत असेल तर रिझॉल्व्हच्या प्लेबॅक मेनूत टाइमलाइनचं रिझोल्यूशन हाफ किंवा क्वार्टर करा. काम करताना चित्र हलकं चालतं, एक्स्पोर्ट पूर्ण दर्जाचं होतं.

आता शूट करतानाची शिस्त. उभा तुकडा म्हणजे आडव्या चित्राचा एक तृतीयांशापेक्षाही थोडा कमी भाग. कॅमेऱ्यातली ग्रिड चालू केली की तीन उभे कप्पे दिसतात. उभ्या व्हिडिओत जे दिसायलाच हवं, ते मधल्या कप्प्यात ठेवा. वस्तू मध्ये, बोलणारा तिच्या मागे. दोन माणसं चौकटीच्या दोन टोकांना बसवून मुलाखत घेतली, तर उभ्या तुकड्यात मधली रिकामी खुर्ची येईल. पदर पूर्ण पसरून दाखवायचा तेव्हा आडव्या चौकटीसाठी दाखवा, आणि त्याच वेळी एक मोर मध्ये आणून दोन सेकंद स्थिर धरा. दुसऱ्या शूटिंगचा अर्धा दिवस या दोन सेकंदांत वाचतो.

सॉफ्टवेअरमध्ये कामाचा क्रम

घाई इथे नडते. नवीन प्रोजेक्ट उघडलं की हात आपोआप क्लिप ओढायला जातो. थांबा. आधी चौकट.

काइनमास्टरसारख्या मोबाइल ॲपमध्ये प्रोजेक्ट सुरू करतानाच प्रमाण विचारतात. तिथे जे पुढे येईल ते न दाबता १६:९ निवडा. प्रीमिअरमध्ये रिकाम्या सिक्वेन्सवर वेगळ्या मापाची क्लिप टाकली की सूचना येते: सेटिंग बदलायचं की आहे तेच ठेवायचं? ती सूचना वाचा. पहिली क्लिप चुकून व्हॉट्सॲपवरून आलेली उभी असेल आणि तुम्ही 'बदला' म्हणालात, तर पूर्ण सिक्वेन्स उभा होईल.

रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जच्या इमेज स्केलिंगमध्ये वेगळ्या मापाच्या क्लिपचं काय करायचं याचे चार पर्याय आहेत. पूर्ण चित्र बसवा, मग उरलेली जागा काळी राहते. माप न बदलता मधलं कापा. चौकट भरेल इतकं मोठं करून जास्तीचं कापा. आणि चौथा, चारही कोपऱ्यांपर्यंत ताणा. हा चौथा पर्याय मालाच्या व्हिडिओत वापरायचाच नाही, असा नियम करून टाका.

माझा क्रम असा. आधी १९२० × १०८० च्या टाइमलाइनवर आडवा व्हिडिओ पूर्ण तयार करायचा. मग त्या टाइमलाइनची प्रत काढायची, प्रतीचं माप १०८० × १९२० करायचं आणि तिसरा पर्याय निवडायचा. प्रत्येक शॉटला डावी-उजवीकडे सरकवून वस्तू मध्ये आणायची. प्रीमिअरमध्ये ऑटो रिफ्रेम आहे, तो हे काम आपोआप करतो. पण त्याला तुमचा धंदा कळत नाही. तो हलणाऱ्या हाताच्या मागे जाईल, तुम्हाला हातातली बांगडी दाखवायची असेल. म्हणून त्याच्या कामावर शेवटची नजर तुमची हवी.

लिहिलेली अक्षरं उभ्या प्रतीत नव्याने बसवा. आडव्या व्हिडिओतही अक्षरांच्या आकाराचा विचार मोबाइलवरून करा. उभ्या धरलेल्या मोबाइलवर तुमच्या १०८० पिक्सेल उंचीचे चार सेंटिमीटरही होत नाहीत. ४० पिक्सेल उंचीचं अक्षर तिथे दीड मिलिमीटरसुद्धा भरत नाही. भाव आणि फोन नंबर निदान ९० पिक्सेल उंच ठेवा, म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर जाईल आणि चष्मा घरी विसरलेल्या काकाही वाचू शकतील.

काळ्या पट्ट्यांचा सोस

आणखी एक खूळ. वर-खाली काळ्या पट्ट्या टाकल्या की व्हिडिओ 'सिनेमासारखा' दिसतो म्हणे. २.३५:१ च्या पट्ट्या टाकल्या तर १०८० पैकी फक्त ८१७ ओळी उरतात. जवळजवळ पाव चित्र स्वतःच्या हाताने झाकलं. १९५९ साली गुरुदत्त यांनी 'कागज के फूल' काढला, तो भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. तिथे खास भिंग वापरून चित्र खरोखर रुंद केलं होतं, बाजूला जास्तीचं दिसत होतं. आपल्या पट्ट्यांनी बाजूला काहीच वाढत नाही, वरचं-खालचं तेवढं जातं. मोबाइलवर आधीच काडेपेटीएवढं असलेलं चित्र आणखी बारीक होतं. यूट्यूबसुद्धा सांगतं की व्हिडिओत स्वतःहून काळ्या पट्ट्या घालू नका, प्लेअर आपला आपण जुळवून घेतो.

तीच गोष्ट मागे धूसर चित्र टाकून आडवी क्लिप उभ्या चौकटीत बसवण्याची. १९२० उंचीपैकी ६०८ पिक्सेलमध्ये खरा माल, बाकी दोन तृतीयांश धूसर. जुनी क्लिप आहे, दुसरा इलाजच नाही, तर ठीक. पण रोजचं काम असं कराल तर भाडं पूर्ण दुकानाचं आणि माल एका फळीवर, असं होईल.

कुठे आडवं नको

एकाच दोरीने सगळी गुरं बांधू नका. व्हॉट्सॲप स्टेटसला "आज ताजी भाजी आली" एवढंच सांगायचं असेल तर मोबाइल उभा धरा, वीस सेकंद बोला, टाकून द्या. त्यासाठी ४के, टाइमलाइन, प्रत वगैरे करत बसाल तर भाजी सुकेल. उभा माणूस, ड्रेसची पूर्ण लांबी, उंच केक, या गोष्टी मुळात उभ्याच आहेत. त्या उभ्याच शूट करा. माझा आग्रह त्या व्हिडिओंपुरता आहे, जे तुम्ही एकदा करून वर्षभर वापरणार आहात.

एडिटिंगचाच धंदा करायचा असेल तर

तालुक्याच्या गावी इतरांचे व्हिडिओ करून द्यायचा व्यवसाय करायचा असेल, तर शूटच्या आधी तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं कोटेशनवर लिहा. व्हिडिओ कुठे कुठे लावणार? किती चौकटींत हवा? जुनं फुटेज आहे का, आणि ते कुठल्या मापाचं? दुसरी चौकट म्हणजे दुसरं काम. तिचे पैसे वेगळे लिहा, कमी का असेना. "साहेब, तोच व्हिडिओ जरा उभा करून द्या ना" हे वाक्य ऐकून फुकट घालवलेल्या संध्याकाळी धंद्याला परवडत नाहीत. आधी लिहिलेलं असलं की तुम्हालाही राग येत नाही आणि ग्राहकालाही अडवल्यासारखं वाटत नाही.

या आठवड्याचं काम छोटं आहे. तुमच्याकडची एक वस्तू घ्या. आधी ताटलीची क्लिप, मग वस्तू मधल्या कप्प्यात ठेवून एक मिनिट आडवं ४के शूट करा. त्यातून एक आडवा आणि एक उभा व्हिडिओ काढा. दोन्ही स्वतःच्या मोबाइलवर, हातभर अंतरावर धरून बघा. ताटली गोल आहे का? भाव वाचता येतो का? उभ्या व्हिडिओत वस्तू कुठे कापली गेली का? तिन्ही उत्तरं मनासारखी आली की मगच ग्राहकाला दाखवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा सुरू ठेवा!